जुन्या पलंगाला पॉलिश की रंग? गावाकडच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजीचा सागवानी पलंग आहे. सून म्हणते पांढरा करू. करू काय?

सागवानी असेल तर माझं पहिलं उत्तर "थोडं थांबा" असंच असतं. रंग चढवणं दोन दिवसांचं काम आहे. तोच रंग पुढे नक्षीतून आणि खरादी पायांच्या खोबणीतून काढायचा म्हटला तर वाढई आठवडा घेतो, आणि तरी कोपऱ्याकोपऱ्यात पांढरं राहतंच. बल्लारपूर-आलापल्लीकडच्या सागाला देशभरातून मागणी असते. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठीही २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच साग गेला. तेच लाकूड तुमच्या खोलीत आयतं पडलं असताना त्यावर डबा ओतायची घाई कशाला?

सुनेचं म्हणणं मात्र नीट ऐकून घ्या. तिला बहुतेक वेळा पांढरा रंग नको असतो, उजेड हवा असतो. पन्नास वर्षांचं पॉलिश, चुलीचा धूर, डोक्याचं तेल आणि धूळ यांचा थर बसून पलंग काळा दिसतो. लाकूड काळं नसतं. पलंगाच्या आडपट्टीची आतली, गादीखाली झाकलेली बाजू तिला दाखवा. थर उतरल्यावर सगळा पलंग साधारण त्याच रंगावर येणार आहे. ते पाहून निम्म्या घरांत पांढऱ्या रंगाचा विषय संपतो.

तरीही रंगच बरा, असे पलंगही असतात. आंब्याच्या लाकडाचा, मध्येच प्लायवूडचं ठिगळ लावलेला, एक पाय सागाचा नि दुसरा बाभळीचा, किंवा आधीच ऑइलपेंटचे चार थर बसलेला पलंग असेल तर पॉलिशच्या नादी लागू नका. बेलाशक रंगवा.

लाकूड सागच आहे हे कसं ओळखायचं?

न दिसणाऱ्या जागी, म्हणजे खालून, पटाशीने नखाएवढा तुकडा सोला. सागाची ताजी जागा सोनेरी-तपकिरी दिसते, हाताला किंचित तेलकट लागते आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसम गडद असतो, त्यात काळपट पट्टे असतात आणि उचलताना वजन कळतं. आंबा फिका, करडा आणि बहुतेक वेळा भोकं पडलेला.

आपल्या विदर्भात एक गडी मात्र फसवतो, तो म्हणजे बीजा नावाच्या झाडाचं लाकूड. रंगाने तो सागाच्या जवळ जातो. सोललेल्या जागेवर ओलं पांढरं फडकं दाबून धरा. फडक्याला पिवळट-तपकिरी रंग लागला तर बीजा समजा. हे आधीच कळलेलं बरं, कारण बीजावर पाण्याचा (पाण्यात कालवायचा) पांढरा रंग दिला की तो रंग खालून पिवळा होत वर येतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधीचं पॉलिश कोणतं आहे, ते कसं कळेल?

कापसाच्या बोळ्यावर पॉलिशचं स्पिरिट घ्या आणि कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा. चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी उतरलं तर ते लाखेचं, म्हणजे चपडीचं पॉलिश. आजी-आजोबांच्या काळातल्या पलंगावर बहुधा हेच निघतं. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर ऑइलपेंट, किंवा मेलामाईन, पीयू (पॉलीयुरेथेन) ही कडक दुकानी पॉलिशं.

चपडी निघाली तर तुमचं नशीब चांगलं. ती घासत बसायची गरज नाही. स्पिरिट लावा, दोन मिनिटं थांबा, जाड फडक्याने पुसा. थर गेला की लाकूड उघडं. धुळीचा तर प्रश्नच नाही.

पलंग सुटा करायलाच हवा का?

हो. जोडलेल्या पलंगावर काम केलं की सांध्यांत रंग साचतो आणि पुढच्या वेळी सांधा उघडताना तिथलं लाकूड चिरतं.

सुटा करण्याआधी सांध्यांवर टॉर्च मारा. जुन्या वाढयांनी पायावर आणि आडपट्टीच्या टोकावर पटाशीने बारीक खुणा केलेल्या असतात. एका पायावर एक रेघ नि त्याच्याच पट्टीवर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. प्रत्येक सांधा हाताने कापलेला असल्यामुळे तीन रेघांची पट्टी दोन रेघांच्या पायात नीट बसत नाही. या खुणा घासून घालवू नका. नसतील तर पेन्सिलीने आतल्या बाजूला स्वतः करा. खडूची खूण धुताना जाते.

सांधा निघत नसेल तर हातोड्याने मारू नका. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस गरम पाण्याने सुटतो. कढत पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळा, ते गार झालं की पुन्हा भिजवा. लाकडी खुंटी असेल तर ती आधी उलट बाजूने ठोकून काढा.

सांध्यांत ढेकूण आहेत. रॉकेल मारू काय?

नका मारू. रॉकेल लाकडात मुरतं, महिनोन् महिने वास राहतो आणि त्या जागी पॉलिश धरत नाही. पलंग सुटा केलाच आहे तर खाचांमध्ये आणि चिरांमध्ये उकळतं पाणी ओता. ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही जातात. मग लाकूड सावलीत, हवा खेळेल असं उभं ठेवा आणि पूर्ण सुकू द्या. उन्हात ठेवलं तर ओलं लाकूड तडकतं. नवार असेल तर ती काढून वेगळी उकळा. ढेकूण निम्मे तिच्यातच असतात.

उधई (वाळवी) लागली आहे. कपाशीचं फवारणीचं औषध घरात आहे, तेच मारलं तर?

अजिबात नको. शेतातली कीटकनाशकं उघड्या वावरात फवारायची असतात, ज्यावर रात्रभर तोंड ठेवून झोपायचं त्या लाकडावर नव्हे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेही उघड्यावर. बंद खोलीची गोष्ट तर बोलायलाच नको.

आधी कीड कोणती ते बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर उधई. ती जमिनीतून येते, म्हणून पलंगाला औषध मारून भागत नाही, भिंतीच्या कडेचा तिचा रस्ता बंद करावा लागतो. गोल बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर भुंगेऱ्याची कीड. तिच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात लाकडाचंच औषध मिळतं. ते भोकांतून सिरिंजने सोडायचं, वरून लांबी (पुट्टी) भरायची. नखाने दाबल्यावर आत जाईल इतका पाय पोखरला असेल तर रंगरंगोटी बाजूला ठेवा आणि पाय बदला. नवा सागाचा तुकडा आरा मशीनवरून घेताना पावती मागून घ्या.

जुना ऑइलपेंट आहे. मशीन लावून घासून टाकू?

या प्रश्नावर मी हट्टी आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडं घासलं की ते शिसं धूळ होऊन अंगणात पसरतं. रांगणारं लेकरू तीच धूळ हाताने तोंडात घालतं आणि शिशाने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो.

म्हणून जुना ऑइलपेंट ओलाच काढा. पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापा, फुगला की पत्र्याच्या पट्टीने खरवडा, उरलेलं वॉटर पेपरने पाणी मारत घासा. काम उघड्या छपरीत करा, खाली प्लास्टिक अंथरा, हातमोजे घाला, गरोदर बाई आणि पोरं जवळ नकोत. निघालेला चिखल पिशवीत बांधा. सांदवाडीत फेकला तर कोंबड्या टोचणारच. स्टोव्हच्या ज्वाळेने रंग जाळून काढायची जुनी पद्धत तर सोडूनच द्या, त्या धुरातूनही शिसं आत जातं.

रंगाचा थर घट्ट असेल, कुठे पोपडे आले नसतील आणि पुन्हा रंगच द्यायचा असेल तर सगळं काढायची गरजही नाही. वॉटर पेपरने ओलं घासून चकाकी मारा आणि वरून नवा रंग द्या.

कॉस्टिक सोड्याने एका दिवसात निघतं म्हणतात.

निघतं. सोबत सागाचा रंगही काळपट होतो, रेषा फुगून वर येतात, आणि सोडा खाचांत उरला तर नवं पॉलिश महिन्याभरात सोलतं. हात भाजतात ते वेगळंच. दारं-खिडक्यांचे ठेकेदार वापरतात, त्यांना पलंगावर झोपायचं नसतं.

पॉलिश पेपर कोणत्या नंबरचा?

खडबडीत असेल तर ८० ने सुरुवात करा, नाहीतर १२०, मग १८०, शेवटी २२०. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवा हात फिरला तर तेव्हा दिसत नाही, पॉलिश चढलं की ओरखडा चमकतो. २२० च्या आधी एकदा ओलसर फडकं फिरवून लाकूड सुकू द्या. उभे राहिलेले तंतू शेवटच्या घासण्यात निघतात. रंग द्यायचा असेल तर १८० वर थांबा. फार गुळगुळीत लाकडावर रंग धरत नाही.

भोकं आणि चिरा कशाने भरायच्या?

रंग द्यायचा असेल तर लांबी भरा, खडूची पावडर आणि बेलतेलाची (म्हणजे उकळून तयार केलेल्या जवसाच्या तेलाची) चालते, तयारही मिळते. पॉलिश करायचं असेल तर त्याच पलंगाचा घासताना निघालेला भुगा घ्या आणि चपडीच्या दाट पॉलिशमध्ये कालवून भरा. फेव्हिकॉलमध्ये भुगा कालवण्याची सवय सगळ्यांना आहे, पण तिथे पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग कायमचा राहतो.

चपडीचं पॉलिश घरी करता येतं का?

येतं, आणि माझ्या मते गावात राहणाऱ्याला यासारखं दुसरं पॉलिश नाही. चपडी म्हणजे लाखच. पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो थर करतो तोच. गोंदिया-गडचिरोलीकडे ती आजही काढतात.

एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडी घ्या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर भिजवा, मधूनमधून हलवा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळं पडतं. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. जुन्या मलमलच्या धुतलेल्या धोतराचा तुकडा घ्या, त्यात कापसाचा मूठभर बोळा ठेवा आणि सुरकुती न पडेल असा गोळा बांधा. पॉलिश गोळ्याच्या आत ओतायचं, बरणीत गोळा बुडवायचा नाही. तळहातावर दाबल्यावर नुसता ओलसर लागेल इतपतच.

पहिला हात पातळ. रेषेच्या दिशेने सरळ जा, पट्टीच्या टोकावर थांबू नका, विमान उतरून पुन्हा उडावं तसा हात हवेतून आत घ्या आणि हवेतच बाहेर काढा. थांबलात की गोळा चिकटतो आणि खालचा थर उचलून येतो. वीस-पंचवीस मिनिटांत सुकतं. तीन-चार हात झाले की ३२० ने अगदी हलकं घासा, पुसा, पुन्हा तीन-चार हात. गोळा अडखळायला लागला तर बोटाने जवसाच्या तेलाचा एक थेंब त्याच्या तळाला लावा. एकच, जास्त नको. घाई झाली की दुसऱ्या दिवशी या. चपडीवर चपडी कधीही चढते, महिन्यानंतरही आणि वीस वर्षांनंतरही. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी गोळा फिरवला की मिटतो. पीयूवर हे जमत नाही.

स्पिरिट विषारी आहे आणि लगेच पेटतं. बरणीवर चिठ्ठी लावा, उंचावर ठेवा, जवळ विडी-चूल नको.

आमच्याकडे पलंगाशेजारीच कूलर असतो. पॉलिश टिकेल का?

मोठ्या शहरांतल्या एसीच्या खोल्यांसाठी लिहिलेले सल्ले इथे चुकतात. आपल्याकडे मार्च ते जून कूलरची ओली हवा थेट सिरहाण्यावर, म्हणजे डोक्याकडच्या फळीवर येते. चपडीला पाणी सोसत नाही, ती पांढरी पडते. म्हणून कूलरकडची बाजू आणि सिरहाणा यांवर शेवटचे दोन हात पीयूचे द्या, बाकी पलंग चपडीवरच ठेवा. खालची चपडी मेण काढलेली हवी, नाहीतर वर पीयू धरत नाही. दुकानात "डीवॅक्स" म्हणून मागा. ते जमत नसेल तर कूलर खिडकीत सरकवा, हा फुकटचा उपाय आहे.

पांढरं पडलंच असेल तर घाबरू नका. गोळ्यावर जेमतेम स्पिरिट घेऊन एकदाच हलका हात फिरवा, धुकट थर बहुतेक वेळा जातो.

पांढरा रंग दिला. आठ दिवसांत पिवळे-तपकिरी डाग वर आले. रंग खराब निघाला काय?

रंगाचा दोष नाही. साग आणि बीजा यांच्यातली तेलं आणि रंगद्रव्यं वरच्या थरात उतरतात, पाण्याचा रंग असेल तर जास्तच. वरून आणखी पांढरे हात मारून डाग झाकत नाहीत, तुमचा डबा तेवढा संपतो. डागाळलेला थर हलका घासा, मेण काढलेल्या चपडीचे दोन हात द्या, सुकू द्या, मग रंग. नवीन काम असेल तर क्रम असा ठेवा: थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा, लगेच चपडीचे दोन हात, मग प्रायमर, मग रंग.

आणखी एक. पांढरा ऑइलपेंट अंधाऱ्या खोलीत पिवळा पडतोच, भिंतीकडची बाजू आणि कपाटाचं आतलं अंग आधी. पांढरंच हवं असेल तर पाण्याचा एनॅमल घ्या किंवा मुळात सायीसारखा पांढरा निवडा, म्हणजे पिवळेपणा खुपत नाही.

व्हिडिओतला चॉक पेंट?

खडूसारखा बिनचकाकीचा हा रंग दिसतो छान. पण त्यावर मेणाचा हात असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली मेण मऊ होऊन उशीची खोळ चिकटते, धूळ बसते. आरशाच्या चौकटीला, टेबलाच्या पायांना चालेल. पलंगाला आणि ड्रेसिंग टेबलाच्या वरच्या फळीला नको, किंवा मेणाऐवजी पाण्याचा पीयू वापरा.

कोणत्या महिन्यात काम काढावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दमट हवेने चपडी धुकट होते, ऑइलपेंट दिवसदिवस चिकट राहतो आणि फुगलेलं लाकूड घासून बसवलेले खण उन्हाळ्यात खुळखुळतात. मे महिन्यात उलट, ब्रश उचलायच्या आत रंग सुकतो आणि पट्टे उमटतात. लग्नाच्या गडबडीमुळे उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी सहा ते नऊ एवढंच काम करा.

सोयाबीनचं थ्रेशर शेजारच्या वावरात सुरू असेल त्या दिवशी शेवटचा हात देऊ नका. निंबाखालीही नको.

बेलतेल लावून पुसलं की झालं, असं म्हणतात. खरं का?

सागाला बेलतेल शोभतं. पातळ लावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. गिरणीचं खायचं जवसाचं तेल सुकायला फार दिवस घेतं, बेलतेल लवकर सुकतं.

पण पुसलेल्या फडक्यांकडे लक्ष द्या. तेलात भिजलेलं फडकं सुकताना स्वतःच तापतं. चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता ते पेटतं. डिसेंबरात आपल्या घरांत निम्म्या खोलीत कापूस छताला टेकलेला असतो. तिथे असं फडकं पडलं तर काय होईल ते सांगायला नको. काम संपलं की फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणातल्या तारेवर एकेक उघडून वाळत घाला. कडक झाली की मग फेका.

ड्रेसिंग टेबलाचा आरसा डागाळला आहे, पितळी मुठी काळ्या आहेत, खण अडकतात.

आरशाचा पारा उडाला की तो परत बसत नाही, काचवाल्याकडून त्याच मापाचा नवा घ्या. कडा तिरप्या घासलेल्या असतील तर जुनाच ठेवा, तशी काच आता सहज मिळत नाही. मुठी काढून चिंचेच्या कोळात घासा, लाकडावर असताना नको. खणाच्या खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा. त्या पट्ट्यांना रंग देऊ नका.

लोखंडी पलंग असेल तर?

तारेच्या ब्रशने गंज काढा, थिनरने पुसा, त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्या, मग एनॅमलचे दोन. एक रात्र मध्ये गेली तरी उघड्या लोखंडावर पुन्हा गंज धरतो. जुना रंग असेल तर शिशाबद्दल वर लिहिलं ते इथेही लागू.

स्वतः करावं की वाढयाला द्यावं?

सांधे, पाय बदलणं, नक्षीतली दुरुस्ती वाढयाला. घासणं, भरणं, पॉलिश घरची माणसं करू शकतात. वाढयाला काम देताना "पॉलिश करून द्या, भाऊ" एवढ्यावर सोडू नका. चपडी की मेलामाईन, किती हात, आणि कॉस्टिक वापरायचा नाही, हे तीन मुद्दे आधी बोलून घ्या. सामान स्वतः आणून दिलं तर दोघांचंही मन साफ राहतं.

काम झाल्यावर किती दिवसांनी झोपता येतं?

चपडीवर चार दिवसांनी, पीयूवर आठवड्याने, ऑइलपेंटवर किमान पंधरा दिवसांनी. वरून सुकलेला ऑइलपेंट आतून कच्चा असतो, गादी टाकली की तिच्या कापडाची वीण रंगात उमटते. खोली उघडी ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय लहान बाळ आणि बाळंतीण यांना त्या खोलीत झोपवू नका. आणि गादी टाकण्याआधी आडपट्ट्यांचे नट-बोल्ट पुन्हा एकदा आवळा, नव्या पॉलिशने सांधे थोडे बसतात आणि पहिल्या रात्री पलंग करकरतो.